हरणांचा कोटा किती?

केळझरकडचा आपला रूममेट सुट्टीत घरी जातो तो आराम करायला नाही, रात्री शेतात जागलीला! बोरचं जंगल जवळच. चितळ, रोही येतात आणि हरभरा साफ करतात. मग वाटतं, अमेरिकेसारखा शिकारीचा कोटा का नको? तिथली राज्यं विभागवार संख्या तपासून परवाने कमी-जास्त करतात.

आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. म्हणजे आज कोटा शून्य! तरी दोन वाटा आहेत. कलम ११ प्रमाणे, पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी उभ्या पिकाला घातक ठरला तर लेखी परवानगी मिळू शकते. कलम ६२ प्रमाणे, ठराविक भागात ठराविक मुदतीपुरती सूट मिळते. बिहारमध्ये २०१५ साली रोह्यांबाबत तसं झालं.

पण बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. चितळ घटले तर वाघ गोठ्याकडे वळेल. म्हणून आधी गाववार मोजणी, कुंपण आणि वेळेवर भरपाई हवी. रीडिंग न घेता लिमिट ठरवणं म्हणजे सगळं अंदाजपंचे. हे आपल्या लॅबमध्ये चालत नाही, मग शेतात कसं चालेल?