हळू चला, सुखरूप पोहोचा

डिसेंबर महिन्यातील गोष्ट. मी चाचांबरोबर डाब या गावी गेलो होतो. डाब हे अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या डोंगरावरील गाव. तेथे कडक थंडीत कधी कधी दवबिंदू गोठतात. पहाटे उठून पाहतो तर काय, गवतावर मीठ पसरावे तसा पांढरा थर!

त्याच सकाळी आमच्या यजमानांच्या लहान मुलीला फार ताप चढला. तिला अक्कलकुव्याच्या दवाखान्यात न्यायचे होते. चाचांनी तिला व तिच्या आईला गाडीत बसवले. बाहेर दाट धुके होते. रस्ता ओला होता. पुढे घाट होता.

आई रडत म्हणाली, "भाऊ, जरा लवकर चला ना!"

चाचा शांतपणे म्हणाले, "ताई, मुलीला पोहोचवायचे आहे, म्हणूनच मी हळू चाललो आहे."

चाचा पूर्वी सैन्यात होते. लडाखच्या बर्फात त्यांनी ट्रक चालवले होते. त्यांची ही गाडी स्वयंचलित गिअरची आहे. तिला क्लचचे पेडल नाही. उतार लागताच त्यांनी गिअरचा दांडा 'एल'वर आणला. इंजिनच गाडीला आवरू लागले. उतारावर सतत ब्रेक दाबला तर ब्रेक तापतात व निकामी होऊ शकतात. त्यांनी दिव्यांचा झोत खाली ठेवला. प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला. चढून येणाऱ्या ट्रकला थांबून वाट दिली.

एका वळणावर एक जीप घसरून चरात गेलेली दिसली. माणसे बचावली होती. त्यानंतर आई "लवकर चला" असे म्हणाली नाही.

मी विचारले, "चाचा, बर्फावरही असेच चालवतात का?"

"हो बेटा. टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे गाडी थांबते. ओल्या रस्त्यावर थांबायला सुमारे दुप्पट अंतर लागते. बर्फावर तर दहापटही लागू शकते. म्हणून तेथे टायरांना साखळ्या बांधतात. पुढच्या गाडीपासून खूप दूर राहतात. गाडी घसरलीच तर घाबरू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हलकेच वळवावे."

"पण स्वयंचलित गाडी हे सारे आपोआप करत नाही का?"

चाचा हसले. "ती फक्त गिअर बदलते, बेटा. अक्कल चालकालाच वापरावी लागते!"

आम्ही सुखरूप पोहोचलो. डॉक्टरांनी औषध दिले. दुपारपर्यंत मुलीचा ताप उतरला. निघताना आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही हळू आलात, म्हणून आम्ही वेळेवर पोहोचलो."

शब्दार्थ
दवबिंदू – दवाचे थेंब
निकामी – काम न देणारा
चर – रस्त्याकडेचा खोल खड्डा
घर्षण – दोन वस्तू घासताना होणारा विरोध

स्वाध्याय
१. आई का रडत होती?
२. चाचांनी उतारावर कोणती काळजी घेतली?
३. बर्फावर टायरांना साखळ्या का बांधतात?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : चढ, ओला, हळू.
५. 'घाई व अपघात' या विषयावर पाच वाक्ये लिहा.