घरच्या संगणकावर प्रोग्राम बसत नाही, तेव्हा

कल्याण तालुक्यात टिटवाळा, खडवली, गोवेली या बाजूस भातशेती करणाऱ्या अनेक कुटुंबांत आता संगणक आला आहे. बहुधा तो शहरात नोकरीस जाणाऱ्या मुलाचा जुना संगणक असतो. सातबारा, पीककर्जाचे कागद, विम्याची पावती हे सारे त्यावरच साठविलेले असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. त्यावरील स्वाक्षरी तपासण्यास योग्य तो पीडीएफ वाचण्याचा प्रोग्राम लागतो व उतारा छापावयाचा तर प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो. असा प्रोग्राम बसविताना काम मध्येच थांबले, की ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा सल्ला ताबडतोब मिळतो.

हा सल्ला घाईने मानू नये. फॉरमॅट केल्याने डिस्कच्या त्या भागावरील सर्व कागद नाहीसे होतात. डिजिटल उतारा पुन्हा काढता येईल. परंतु वडिलांच्या वेळच्या वाटणीपत्राची स्कॅन केलेली प्रत गेली आणि मूळ कागद वाळवीने खाल्ला असेल, तर ती कोठून आणावयाची? यास्तव कोणताही उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. ग्रामसेवकांनी ही गोष्ट शेतकऱ्यांस आग्रहाने सांगावी.

भाताची पाने पिवळी पडली म्हणून दिसेल ते औषध कोणी फवारीत नाही; निदान फवारू नये. येथेही प्रथम कारण शोधावे. पडद्यावर जो संदेश येतो तो न वाचताच बंद करण्याची बहुतेकांस सवय असते. त्यातील क्रमांक वहीत उतरून घ्यावा. विंडोज प्रणालीत १६१८ हा क्रमांक आल्यास दुसरा एखादा प्रोग्राम त्याच वेळी बसत आहे असे समजावे. काही वेळ थांबून संगणक पुन्हा सुरू केला म्हणजे पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. १६३३ आल्यास तो प्रोग्राम त्या जातीच्या यंत्रासाठी नाही. ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर बसत नाही, मग कितीही वेळा प्रयत्न करा. ११२ म्हणजे डिस्कवर जागा उरलेली नाही. लग्नाच्या चित्रफिती दुसरीकडे हलवाव्या व कचरापेटी रिकामी करावी.

१६०३ हा क्रमांक मात्र फसवा आहे. त्याचा अर्थ ‘बसविताना गंभीर दोष आला’ एवढाच असून त्यामागील कारणे अनेक असतात. त्यांपैकी नेहमी आढळणारे कारण म्हणजे आधीच्या प्रयत्नाचे उरलेले अवशेष. पावसाळ्यात वीज गेली, बॅटरीविना चालणारा संगणक बंद पडला आणि प्रोग्राम अर्धाच बसला. त्यावर पुन्हा तोच बसवू गेल्यास तो अडतो. अशा वेळी सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन तो अर्धवट प्रोग्राम काढून टाकावा व संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर प्रोग्रामची फाइल मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्यावी, कारण मध्येच तुटलेली फाइल बीजप्रक्रियेने न सुधारणाऱ्या पोचट बियाण्यासारखी असते. त्या फाइलवर उजवी कळ दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. मुलाने वडिलांसाठी वेगळे साधे खाते उघडून दिले असल्यास मुख्य खात्याचा पासवर्ड लागेल, तो मुलास विचारून घ्यावा.

जुन्या संगणकाचा आणखी एक दोष सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. पुष्कळ यंत्रांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची असते. ती संपली, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि प्रोग्रामवरील प्रमाणपत्रही खोटे ठरविले जाते. प्रथम कोपऱ्यातील तारीख पाहावी. थोड्या पैशांच्या बॅटरीने काम होत असता सबंध यंत्र पुसून काढणे शहाणपणाचे नव्हे.

प्रोग्राम अडला म्हणून व्हायरसरोधक प्रोग्राम बंद करण्यास सांगणारे पुष्कळ भेटतात. फुकट मिळालेल्या चोरट्या प्रतीसाठी तर तसे मुळीच करू नये. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात तेथे हा धोका फार मोठा आहे.

एवढे करूनही यश न आल्यास ‘सिस्टिम रिस्टोर’ वापरून पाहावे. ही सोय आधी चालू ठेवलेली असल्यास प्रणाली पूर्वीच्या दिवसाच्या स्थितीत येते व आपले कागद जसेच्या तसे राहतात. त्या दिवसानंतर बसविलेले प्रोग्राम मात्र जातात.

विंडोज ७ ची देखभाल निर्मात्याने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली, तर विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ७ वर अनेक नवे प्रोग्राम बसतच नाहीत व तेथे दुरुस्तीचा खटाटोप व्यर्थ होय. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी या तीन गोष्टी दुकानदारास विचारून घ्याव्या.