सहलीची चूल : विटा, सळया आणि विस्तव

(इयत्ता 6 वी व 7 वी : कार्यानुभव व सामान्य विज्ञान)

उद्देश : उघड्यावर स्वयंपाक करण्यासाठी सुरक्षित चूल व जाळी निवडणे, ती स्वतः मांडणे आणि काम संपल्यावर विस्तव पूर्णपणे विझविणे, या गोष्टी विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष कृतीतून शिकविणे.

प्रस्तावना : भातकापणी आटोपून हवेत गारवा आला, की शाळांना वनभोजनाचे वेध लागतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील इमारतींत वाढणाऱ्या मुलांनी घरी बहुधा गॅसची शेगडीच पाहिलेली असते. याउलट शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील पुष्कळ मुलांस चूल चांगली परिचित असते. अशा मुलांकडूनच पाठाचा आरंभ करावा. तीन दगड का मांडतात, दोन किंवा चार का नव्हेत, असा प्रश्न विचारावा. तीन टेकूंवर भांडे डुगडुगत नाही, जमीन उंचसखल असली तरीही ते स्थिर राहते, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

दगडांची निवड : सहल नदीकाठी गेली, की मुले उल्हास किंवा काळू नदीच्या पात्रातील गुळगुळीत गोटे उचलून आणतात. हे गोटे चुलीस कधीही वापरू नयेत. आपल्या भागातील काळ्या पाषाणात कित्येकदा बारीक पोकळ्या व भेगा असतात. पाण्यात पडून राहिलेल्या दगडात पाणी मुरलेले असते. ते तापले म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफेस पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. वाट न मिळाल्यास ती दगड फोडते आणि कपच्या भोवती बसलेल्या मुलांच्या तोंडावर उडतात. सिमेंट-काँक्रीटचे तुकडेही याच कारणास्तव वर्ज्य होत. भट्टीत भाजलेली कोरडी वीट सर्वांत बरी. भिवंडी व कल्याणच्या आसपास वीटभट्ट्या आहेत. तेव्हा ती मिळण्यास अडचण पडू नये.

जाळीची निवड : भाजण्यासाठी व भांडे ठेवण्यासाठी विकतचीच जाळी हवी असे नाही. बांधकामावर उरलेल्या, रंग अथवा लेप नसलेल्या साध्या लोखंडी सळयांचे अर्धा मीटर लांबीचे चार तुकडे पुरेत. टोके कानशीने घासून बोथट करावीत. गंज खरवडून सळया एकदा विस्तवात तापवाव्यात व थंड झाल्यावर पुसून घ्याव्यात. कुंपणाची चकाकणारी जाळी मात्र वापरू नये. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो फार तापल्यास निघणारा धूर अपायकारक असतो. जुन्या फ्रिजमधील जाळी दिसावयास सोयीची, परंतु तिच्यावरील मुलामा कोणत्या धातूचा आहे हे कळत नाही. म्हणून तीही टाळावी.

जाळीवाचूनही काम भागते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे इत्यादी भरून तोंड पाल्याने बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाणी न घालता, आतील ओलाव्याच्या वाफेवरच जिन्नस शिजतात. वाफेची जी शक्ती दगड फोडते, तीच येथे शेंगा शिजविते, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

कृती : (1) जागा मोकळी व सपाट निवडावी. कापणी झालेले शेत, मालकाच्या अनुमतीने, उत्तम. सभोवार दोन-तीन मीटरपर्यंत गवत व पालापाचोळा काढून टाकावा. (2) दोन बाजूंस विटांचे दोन-दोन थर रचावेत. मधले अंतर एक वीत असावे. वारा येईल त्या बाजूस चुलीचे तोंड ठेवावे. (3) वर चार सळया आडव्या ठेवाव्यात आणि पाण्याने भरलेले भांडे ठेवून, विस्तव पेटविण्यापूर्वीच, चूल भार सहन करते की नाही ते पाहावे. (4) पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या जवळ ठेवाव्यात. (5) पेटविण्याचे काम शिक्षकांनीच करावे. रॉकेल मुळीच ओतू नये. (6) भात व आमटी जाळावर होते. कणसे, रताळी व वांगी मात्र जाळ ओसरून निखारे झाल्यावर भाजावीत, एरवी ती बाहेरून करपतात व आत कच्ची राहतात.

कामे वाटून देताना भाज्या चिरणे मुलींकडे व सरपण वाहणे मुलांकडे, असा भेद करू नये. ओढणी कमरेस बांधावी. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून त्वचेस चिकटतात, म्हणून त्या दिवशी सुती कपडे घालण्यास सांगावे.

सावधगिरी : येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात येतो. तेथे, तसेच कोणत्याही राखीव वनात, विस्तव पेटविण्यास 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने मनाई आहे. अशा ठिकाणी घरचा डबाच न्यावा. पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक असतो.

कोणास भाजल्यास तो भाग 20 मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. दंतमंजन, शाई किंवा तूप लावू नये. इजा मोठी असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विस्तव विझविणे : पाठाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय, आणि नेमका तोच घाईत राहून जातो. गाडीची वेळ झाली, की निखाऱ्यांवर माती लोटून मंडळी निघतात. मातीखाली निखारे विझत नाहीत. ते पुष्कळ वेळ धुमसत राहतात. वरून जमीन थंड व निरुपद्रवी दिसते. दुसऱ्या दिवशी तेथून अनवाणी जाणाऱ्या गुराख्याच्या मुलाचा पाय त्यात पडू शकतो, अथवा वाऱ्याने ठिणगी उडून वाळल्या गवताचा डोंगर पेटू शकतो. म्हणून पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे. राखेजवळ उलटा हात धरून, ऊब लागत नाही अशी खात्री शिक्षकांनी स्वतः केल्यावरच निघावे. त्यासाठी परतीच्या वेळेआधी अर्धा तास राखून ठेवावा.

स्वाध्याय : 1. नदीतील गोटा तापल्यावर का फुटतो? 2. कुंपणाची जाळी भाजण्यास का वापरू नये? 3. निखाऱ्यांवर नुसती माती लोटल्याने काय धोका संभवतो? 4. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांस ती पूर्वी चूल कशी मांडीत हे विचारून आकृतीसह दहा ओळी लिहा.