जुन्या बेसला पटाशी लावण्याआधी

माझ्याकडचा फेंडर प्रिसिजन बेस १९७० च्या दशकातला आहे. घेतला तेव्हा वरून अगदी देखणा होता. घरी आणून पिकगार्डचे स्क्रू काढले आणि आतली गत कळली. मूळ खाचेला लागून पटाशीने ओबडधोबड उकरलेला नऊ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा, त्याच्या कडेला उडालेल्या लाकडाच्या ढलप्या, आणि ब्रिजच्या दिशेने आतून पाडलेलं वायरचं एक भोक, जे कुठेच बाहेर निघत नव्हतं. बॉडी तिरप्या उजेडात धरली तेव्हा उलगडा झाला. तिथे कधीकाळी दुसरा पिकअप होता. नंतर ती खाच लाकडाचा तुकडा बसवून बुजवली आणि वरून रंग मारला. पाठीकडचं लाकूडही घासून बरंच पातळ केलं होतं. विकणाऱ्याने यातलं काहीही सांगितलं नाही, पैसे मात्र अस्सल मालाचे घेतले.

ज्याने हे केलं त्या वादकाचा मला राग येत नाही. त्याची कारणं मला वाजवताना रोज समजतात. त्या दशकातल्या कित्येक फेंडर बेसची बॉडी जड अ‍ॅश लाकडाची असते, अख्खं वाद्य साडेचार-पाच किलो भरतं. रात्रभर उभं राहून वाजवलं की डावा खांदा भरून येतो, म्हणून माणूस लाकूड कमी करतो. आवाजाचं कारणही तितकंच खरं. १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोकडे अ‍ॅलेम्बिक कंपनीच्या मंडळींनी बेसवादक फिल लेश आणि जॅक कॅसडी यांच्या गिल्ड बेसमध्ये नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवली. पुढे बॅटरीवरचे प्रीअँप सर्रास आले आणि त्यांना जागा हवी म्हणून जुन्या बॉड्यांत खड्डे पडले.

काहींना नुसतं रूप बदलायचं होतं. पॉल मॅकार्टनीला १९६५ मध्ये मिळालेला रिकनबॅकर बेस १९६७ मध्ये रंगीबेरंगी झाला आणि नंतर रंग खरवडून उघड्या लाकडावर आला. ‘येस’ बँडच्या ख्रिस स्क्वायरने आपल्या रिकनबॅकरवर फुलाफुलांचा वॉलपेपर चिकटवला होता. पुढे तो काढताना आणि पुन्हा पुन्हा पॉलिश करताना बॉडीचं लाकूड झिजत गेलं. ‘रश’ बँडच्या गेडी लीने तर १९६८ च्या प्रिसिजनची बॉडी थेंबाच्या आकाराची कापून घेतली.

ही उदाहरणं देऊन आजही पोरं पॉलिशपेपर हातात घेतात, आणि मला काळजी वाटते ती इथेच. या वादकांनी हत्यार लावलं तेव्हा ती वाद्यं ‘व्हिंटेज’ नव्हती, रोजच्या कामाची काही वर्षं वापरलेली वाद्यं होती. आज तुमच्या हातात जो जुना बेस आहे त्याला पन्नासच्या आसपास वर्षं झाली आहेत. आणि स्क्वायरचा तो कडक, चमकदार आवाज निव्वळ पातळ लाकडातून आलेला नाही. रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा, पिकचा जोरकस फटका आणि अँप यांचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून आवाज बदलायचा असेल तर आधी तारा बदला, मग पिकअपची उंची कमी-जास्त करून पाहा. प्रीअँप हवाच असेल तर पेडलच्या रूपातला घ्या, बॉडीला भोकसुद्धा पडणार नाही.

वजनाचं दुखणं जरा अवघड. माझ्या बेसची पाठ घासली गेल्यामुळे तोल बिघडला आहे. हात सोडला की नेक खाली झुकते. डाव्या हाताने सूर दाबायचे की नेक तोलून धरायची? तासाभरात मनगट आखडतं. मी हलक्या धातूच्या खुंट्या बसवल्या, मूळच्या भोकांत बसणाऱ्या, आणि आतून खरखरीत असलेला रुंद चामड्याचा पट्टा घेतला. निम्मा त्रास गेला, बाकीचा राहिला. ज्यांच्या बेसचं लाकूड अजून शाबूत आहे त्यांनी खांद्यासाठी नुसता रुंद पट्टा आधी वापरून पाहावा. तरीही झेपत नसेल तर जुना बेस विकून हलका नवा घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

रंगाला तर हातच लावू नका. पोपडे उडालेला, घामाने विटलेला मूळ रंगही तसाच राहू द्या. नव्याने रंगवलेल्या बेसची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते, मग काम कितीही सफाईदार असो. काढलेला प्रत्येक मूळ सुटा भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून केसमध्ये ठेवा.

आणि विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी पिकगार्ड उघडून दाखवायला सांगा, नेक काढून सांध्याची जागा पाहा, बॉडी तिरप्या उजेडात फिरवा. विकणारा आढेवेढे घेऊ लागला तर तो बेस घेऊ नका.