तिथीची पाऊणपट

तुम्ही दोघी नांदगावच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला निघालात, फार बरं वाटलं. फक्त ठरवलेला रविवार बदला. एक तर गर्दी, गाड्या पार पुळणीवर येतात. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे समुद्रावर जायचा दिवस वार बघून नाही, तिथी बघून ठरवतात.

मला मामाने सांगितलं होतं, त्याला सातपाटीच्या एका तांडेलाने: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण भरती. तारापूरकडे थोडं पुढंमागं होतं, तेव्हा भरतीचा तक्ताही बघून ठेवा. पण गणित तोंडी असू दे, किनाऱ्यावर मोबाईल बंद पडला तरी अडत नाही.

तुम्ही द्वादशी धरा. द्वादशीच का? ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पक्षी म्हणजे गाळावरचे ठिपके. त्यांच्या मागे चालत गेलात तर ते आणखी लांब. द्वादशी-त्रयोदशीला मात्र सकाळी चढतं पाणी किनाऱ्याजवळ येत असतं आणि तेच पक्ष्यांना तुमच्याकडे आणतं. सूर्य तेव्हा गावाच्या बाजूने, तुमच्या पाठीशी, त्यामुळे ऊन थेट पक्ष्यांच्या अंगावर. दुपारी हाच किनारा डोळ्यांवर चकाकतो आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी नीट वर चढत नाही; त्या दिवशी सातपाटीला जा. बोंबील वाळत असतात तिथे घारी आणि बगळे हमखास मिळतील.

पहाटेच्या गाडीने बोईसरला उतरा, उजाडायच्या आत पुळणीवर पोचा. ओल्या वाळूच्या कडेला पोटावर पालथं पडा आणि पडून राहा. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आली पाहिजे, उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी खेळण्यासारखा दिसतो. मग चिखल्या हा पक्षी बघा. चार पावलं पळतो, थबकतो, मान तिरकी करतो आणि एकदम चोच खुपसतो. किडा रबरासारखा ताणला जातो आणि टचकन सुटून बाहेर येतो. तो क्षण हवा असेल तर पक्षी थबकला की बोट बटणावर तयार ठेवायचं. चोच खाली गेल्यावर दाबलंत तर उशीर झाला.

थव्यातल्या दोघातिघांनी माना वर केल्या की हलणं बंद. एवढं माझं कळकळीने ऐका. ही पाखरं सायबेरिया, मध्य आशियातून येतात. इथे खाऊन अंगात चरबी साठवतात आणि तिच्याच जोरावर परत जातात. फाल्गुन-चैत्रात चिखल्यांच्या छातीवर तांबूस रंग चढतो, तेव्हा तर त्यांची निघायची तयारी चाललेली असते. उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांना उठवायचं नाही, कुणी उठवत असेल तर त्याला थांबवायचं. सुरय आणि कुरव आपणहून उडत असतात, त्यांचे काढा.

दोघींनी एकाच वेळी कॅमेऱ्याला डोळा लावू नका. भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं, पण पाठीमागच्या सखल घळीतून गुपचूप भरतं आणि तुम्ही वाळूच्या उंचवट्यावर अडकता. माझा एक मित्र असाच कमरेएवढ्या पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून आला होता. एकीने फोटो काढायचे, दुसरीने पाठीमागे लक्ष ठेवायचं, अर्ध्या तासाने अदलाबदल. खाडीच्या गाळात पाय घालण्याआधी कालवं काढणाऱ्या बायकांना विचारा, "मावशी, इथे पाय रुततो का?" त्या अचूक सांगतात.

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या दिशेने कॅमेरा रोखायचा नाही. १९६९ पासून ते तिथे आहे आणि बंदोबस्त कडक असतो. कुणी हटकलं तर नम्रपणे फोटो दाखवा.

घरी आल्यावर कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी किंचित ओलसर फडकं, मग कोरडं. प्रत्येक फोटोवर जागा, तारीख आणि तिथी लिहा. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, ही किनारपट्टी आता बदलणार. कुठल्या पुळणीवर कोण उतरत होतं, हे कुणीतरी नोंदवून ठेवायला हवं ना!

आणि फोटो मोठे करून पक्ष्यांचे पाय नक्की बघा. एखाद्याच्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर तिच्यावरची अक्षरं उतरवून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला (बीएनएचएस) कळवा. मलाही लगेच फोन करा, रात्र झाली असली तरी.