शिंदे घराण्याचे नाव आणि उज्जैनची पेठ

पेढीच्या वहीत जमा आणि नावे ही दोन अंगे समोरासमोर मांडलेली असतात. एका बाजूची रक्कम कितीही मोठी असली तरी दुसऱ्या बाजूची नोंद खोडली जात नाही. थोर घराण्यांच्या कीर्तीचा विचार करू लागलो की आम्हांस ही वही आठवते.

युरोपात फ्लॉरेन्स नगरीत मेदिची नावाचे सराफ घराणे होऊन गेले. त्यांची पेढी १३९७ साली निघाली. पुढे राजेरजवाड्यांस दिलेली कर्जे बुडाली आणि १४९४ साली पेढीच बसली. घराणे मात्र पुन्हा वर येऊन राज्यपदास चढले. १७३७ साली त्यातील शेवटचा राज्यकर्ता निपुत्रिक वारला, तेव्हा त्याच्या बहिणीने करार करून घराण्याचा कलासंग्रह नगराबाहेर जाऊ नये अशी तजवीज केली. बुडीत कर्जांची चर्चा आज अभ्यासक करतात. चित्रे पाहावयास मात्र साऱ्या जगातून माणसे येतात.

त्याच सुमारास सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे राणोजी शिंदे माळव्यात पाय रोवीत होते. उज्जैन त्यांची राजधानी झाली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. पुढे या घराण्याने रणात काय दिले ते सर्वविदित आहे: दत्ताजी १७६० साली बुराडी घाटावर पडले, जनकोजी १७६१ साली पानिपतानंतर मारले गेले. पायाने अधू झालेले महादजी वाचले आणि त्यांनी दिल्लीच्या बादशहास पुन्हा तख्तावर बसविण्यापर्यंत मजल मारली. एवढे होऊनही ते स्वतःस पाटील म्हणवीत. १७९४ साली ते पुण्याजवळ वानवडीस निवर्तले.

येथवर जमेची बाजू झाली. आता नावेची बाजू पाहू, कारण ती आपल्या व्यापारी वर्गाच्या खिशातून गेली आहे.

दुसऱ्या बाजीरावाने पेशवेपदासाठी दौलतराव शिंद्यांना सुमारे दोन कोटी रुपये कबूल केले होते. खजिन्यात पैसा नव्हता आणि फौजेचा पगार तुंबला होता. तेव्हा १७९८ साली दौलतरावांचे सासरे, कागलचे सर्जेराव घाटगे, यांस पुणे शहरातून वसुली करण्याची मोकळीक मिळाली. सावकार आणि मुत्सद्दी यांना धरून आणले, मारहाण केली, तापलेल्या तोफेला बांधण्यापर्यंत छळ झाला. तीन वर्षांनी उज्जैनची पाळी आली. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा येथेच मोड केला आणि शहरावर जबर खंडणी बसविली. ऑक्टोबरात सर्जेरावांनी इंदूर लुटून त्याची फेड केली. दोन घराण्यांच्या वैराचा भरणा दोन्ही शहरांतील दुकानदारांनी केला. पुढे १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली.

आणि आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत विचार करावयास लावते ती सांगतो. उज्जैनच्या भर बाजारात जे गोपाळमंदिर आहे, ते बांधविणाऱ्या बायजाबाई शिंदे या त्याच सर्जेरावांच्या कन्या. १८२७ साली दौलतराव वारल्यावर त्यांनी सहा वर्षे राज्यकारभार पाहिला. हिशेबात त्या चोख असत आणि स्वतः सावकारीही करीत. १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. १८६३ साली त्या वारल्या. बापाने पेठ नागविली आणि लेकीने पेठेत देऊळ उभारले. देवळामुळे पुण्याच्या सावकारांचे दुःख फिटले, असे आम्ही म्हणणार नाही. पण आज त्या चौकातून जाणाऱ्यास सर्जेराव ठाऊक नसतात आणि बायजाबाईंचे देऊळ ठाऊक असते, हेही खरे.

खुद्द नावाचीही गंमत आहे. घरच्या मराठीत शिंदे, इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या उच्चाराने सिंदिया, आणि माळव्यातील हिंदी माणसाच्या तोंडी सिंधिया. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तरी हे नाव लोकांच्या बोलण्यातून गेले नाही. उज्जैनात माधव महाविद्यालय आहे, माधवनगर आहे. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी क्षिप्रेकाठी बांधलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. तिची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या राज्यात झाली. वेधशाळेला लोक आजही जयसिंगांचीच म्हणतात.