जुना वाइंडर बंद? मोटर उघडण्याआधी हे तपासा

कॅनन एई-१ (१९७६) चा पॉवर वाइंडर ए दुरुस्तीला आला, की लगेच स्क्रू खोलू नका. क्रमाने चला:

१. चार नवे पेन्सिल सेल टाका.
२. सेल गळून पट्ट्यांवर पूड साठलीय? कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा.
३. कॅमेऱ्याची स्वतःची ६ व्होल्टची बॅटरी बदला. ती संपली तर शटर पडत नाही, आणि शटर पडल्याशिवाय वाइंडर पुढची फ्रेम ओढत नाही!
४. रोल संपला तरी मोटर थांबते. जोर लावू नका.

इतक्यावर चालला, तर ग्राहकाला खरं सांगा. फक्त तपासणी-सफाईचे पैसे घ्या. मोटरचं खोटं बिल एकदाच निघतं. विश्वासाचं गिऱ्हाईक दुसरा कॅमेराही घेऊन येतं.